लेख आणि आज्ञा : स्क्रिप्ट चालविण्याच्या अधिकाराचा इतिहास

फाइलीतील मजकूर हा वाचावयाचा लेख की पाळावयाची आज्ञा, हे कोणी ठरवावयाचे? संगणकाच्या इतिहासकारांनी या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘लव्ह लेटर’ या उपद्रवी स्क्रिप्टचा दोष सामान्यतः व्हीबीस्क्रिप्ट या भाषेच्या माथी मारला जातो. हे मत ग्राह्य का नाही, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९६३-६४च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लुई पूझँ यांनी तेथील सीटीएसएस या प्रणालीसाठी ‘रनकॉम’ रचले. एकामागून एक टंकावयाच्या आज्ञा फाइलीत लिहून ठेवाव्यात आणि एका आज्ञेने त्या सर्व पार पाडाव्यात, ही त्यामागील कल्पना. ‘शेल’ ही संज्ञाही पूझँ यांचीच. युनिक्सच्या कित्येक फाइलींच्या नावाअखेरीस येणारी ‘आरसी’ ही अक्षरे म्हणजे रनकॉमचाच अवशेष होय. येथे फाइल स्वतः निष्क्रिय होती. तिला आज्ञेचे रूप देणारा तिचा वापरकर्ता होता.

केन टॉम्पसन यांचा १९७१चा शेल अगदी साधा होता. त्यात चलपदे नव्हती. मजकुरात मागेपुढे उडी घेण्याचे कामही शेलबाहेरील एक स्वतंत्र प्रोग्राम करी. १९७९च्या बोर्न शेलने चलपदे व नियंत्रणरचना देऊन स्क्रिप्टला भाषेची योग्यता आणली. त्यानंतरची पायरी विशेष महत्त्वाची आहे. जानेवारी १९८० मध्ये डेनिस रिची यांनी अशी योजना मांडली की, फाइलीच्या आरंभी ‘#!’ ही चिन्हे आढळल्यास प्रणालीच्या गाभ्यानेच त्यापुढे नमूद केलेला दुभाषी प्रोग्राम सुरू करावा. म्हणजे कोणते इंजिन वापरावयाचे, हे आता फाइलच सांगू लागली. परंतु तशा प्रकारे चालण्यासाठी फाइलीवर कार्यान्वयनाची परवानगी स्वतंत्रपणे नोंदलेली असणे आवश्यक होते. ती नसल्यास वापरकर्त्याला इंजिनाचे नाव स्वहस्ते लिहावे लागे. निवड फाइलीकडे गेली, तरी संमती माणसाकडेच राहिली.

विंडोज ९८ बरोबर प्रसृत झालेल्या ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’ची मांडणी याहून निराळी होती. भाषा जाणणारे इंजिन वेगळे आणि त्याला साधने पुरविणारा यजमान वेगळा, असा तेथे भेद होता. व्हीबीस्क्रिप्ट व जेस्क्रिप्ट ही इंजिने कोणत्याही यजमानाकडे राबत. ‘सीस्क्रिप्ट’ हा यजमान कमांड लाइनवरून चाले व उत्तरे तेथेच छापी; ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ खिडक्या उघडून दाखवी आणि दोनदा टिचकी मारताच सुरू होई. मुख्य म्हणजे, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये बाहेरून आलेल्या पानाला जी डिस्क सहसा वर्ज्य असे, ती या यजमानांकडे त्याच इंजिनाला मोकळी मिळे.

४ मे २००० रोजी पसरू लागलेल्या त्या पत्रासोबतच्या फाइलीचे नाव ‘टीएक्सटी.व्हीबीएस’ असे संपत होते. विंडोज परिचित प्रत्यय मुळातच झाकून ठेवीत असल्याने अनेकांना केवळ ‘टीएक्सटी’ दिसले. वाचण्यासाठी म्हणून त्यांनी जे उघडले, ते चालू झाले. आणि आउटलुकच्या पत्तेवहीतील प्रत्येकाकडे त्याची प्रत रवाना झाली. युनिक्सने जी संमती परवानगीच्या नोंदीत ठेवली होती, ती येथे नावाच्या शेपटात होती, आणि ते शेपूटच अदृश्य होते! इंजिनाने आपले काम चोख केले. चूक यजमानाच्या उदारपणाची होती.

नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या पॉवरशेलच्या कर्त्यांनी हा धडा घेतलेला दिसतो. त्याच्या स्क्रिप्टवर दोनदा टिचकी मारली असता ती नोटपॅडमध्ये उघडे; कमांड लाइनवरूनही स्क्रिप्ट चालविण्यास मूळ स्थितीत मनाई होती. हा बंदोबस्त अभेद्य नव्हता, जाणत्याला तो सहज ओलांडता येई. परंतु अजाणतेपणी आज्ञा सुटणे त्याने टळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले.

तथापि भाषा गेल्याने प्रश्न मिटत नाही. इंजिने बदलतील, लेखाला आज्ञा करण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रत्येक नव्या यजमानाला पुन्हा ठरवावे लागेल.