‘बाळाला काचेत ठेवलंय’ – या वाक्यामागचा इतिहास

बाळंतिणीला भेटायला आलेली माणसं आधी विचारतात, "बाळ कुठंय?" २०११ साली माझ्या खाटेशी आलेल्या प्रत्येकाला माझी आई एकच उत्तर देत होती, "काचेत ठेवलंय."

मला गरोदरपणात साखर निघाली होती. मुलगी पावणेचार किलोची, जन्मताच खणखणीत रडली. तरी 'शुगरवाल्या आईचं बाळ आहे, नियम आहे' म्हणून तिला वरच्या मजल्यावर नेलं. माझं सिझर झालेलं, जिना चढता येईना. तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या कुशीत आली, तोवर बाटलीला सरावली होती. छातीशी धरलं की तोंड फिरवायची. दवाखान्याचं नाव सांगत नाही. रीतच तशी होती.

परवा भाचीला सातव्या महिन्यात साखर निघाली. तिने विचारलं, "मावशी, माझंही बाळ नेतील का गं?" म्हणून ही रीत आली कुठून, ते शोधत बसले.

इन्शुलिन सापडलं १९२१ साली, टोरांटोत. त्याआधी मधुमेही बाईला दिवस जाणंच दुर्मीळ, आणि गेले तर आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतायचं. इन्शुलिनने आया वाचू लागल्या, पण पोटातली मुलं दगावत राहिली, बरीचशी शेवटच्या काही आठवड्यांत. बोस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी या बायकांसाठी आयुष्य वेचलं. तिथे आणि इतरत्रही उपाय निघाला तो असा, की बाळ पोटात दगावण्याआधीच, दिवस भरायच्या आत, प्रसूती करायची. मुलं वाचली, पण ती अपुऱ्या दिवसांची, धाप लागणारी. त्यांना पेटीत ठेवणं भागच होतं.

दुसरं कारण साखरेचं. कोपनहेगनचे डॉ. यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात ते उलगडून मांडलं. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन मात्र जात नाही. म्हणून बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन बनवायला लागतं आणि बाळ गुटगुटीत होतं. नाळ कापली की साखर बंद, इन्शुलिन मात्र चालूच. मग पहिल्या काही तासांत बाळाची साखर खाली येते. ती फार उतरली आणि तशीच राहिली तर मेंदूला धोका. म्हणजे डॉक्टरांची भीती खरी होती, आजही खरी आहे.

चूक झाली ती पुढे. काही बाळांची गरज हा सगळ्याच बाळांचा नियम झाला. आईची साखर ताब्यात राहू लागली, मुलं पूर्ण दिवसांची जन्मू लागली, पण काच तिथेच राहिली.

ताटातुटीची किंमत काय, हेही हळूहळू कळत गेलं. १९७२ साली अमेरिकेत क्लाउस आणि केनेल या दोघा डॉक्टरांनी २८ आयांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या आयांना पहिल्या तीन दिवसांत बाळाचा १६ तास जास्त सहवास दिला, तर महिन्याभरानंतरही त्यांच्या वागण्यात फरक दिसला. त्या निष्कर्षांवर पुढे टीका झाली, पण काचेचं दार किलकिलं झालं ते झालंच. आपल्या मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आयांना नवजात कक्षात आणलं, आईच्या दुधावर भर दिला आणि १९८९ साली तिथेच आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली.

मधुमेही आईच्या बाळाबद्दल ब्रिटनच्या नियमावलीने २००८ सालीच स्पष्ट सांगितलं, की बाळाला काही त्रास नसेल तर ते आईजवळच ठेवा, अर्ध्या तासात पाजा, मग दर दोन-तीन तासांनी पाजा आणि टाचेतून रक्त घेऊन साखर तपासत राहा. २०१३ साली न्यूझीलंडच्या अभ्यासात दिसलं, की साखर उतरलेल्या बाळाच्या गालाला आतून साखरेचं जेल चोळलं आणि सोबत दूध पाजलं, तर पुष्कळ बाळांना आईपासून हलवावंच लागत नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियातून आणखी एक गोष्ट आली. इतर गुंतागुंत नसलेल्या मधुमेही बायकांनी ३६ आठवड्यांनंतर दिवसातून दोनदा हाताने चीक काढून साठवला, तर त्याने बाळाला धोका वाढला नाही. म्हणजे बाळाची साखर उतरलीच तर पावडरच्या डब्याआधी आईचाच चीक हाताशी.

हे लिहिताना डॉक्टरांशी भांडण काढायचं नाही. धाप लागलेलं, सुस्त पडलेलं, सलाईनशिवाय साखर न सावरणारं बाळ आत न्यावंच लागतं, आणि न्यावं. पण तेव्हाही आईला खुर्चीवर बसवून बाळापाशी नेता येतं, चीक काढून पाठवता येतो.

भाचीला सांगितलं, नववा लागायच्या आत डॉक्टरांना चार प्रश्न विचार. बाळ ठणठणीत असेल तर माझ्याजवळ ठेवाल का? साखर खाटेशीच तपासाल का? पहिलं पाजणं किती वेळात? चीक आधी काढून ठेवू का? ती वहीत लिहून घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी वही वाचली आणि म्हणाल्या, "करूया की. असं कुणी विचारतच नाही."

हे ऐकून मला मध्ये थोडं रडू आलं. माझी मुलगी आता माझ्या खांद्याला लागली आहे. ते तीन दिवस परत येणार नाहीत. पण तुमच्या घरात कुणाला साखर निघाली असेल, तर ते चार प्रश्न आजच तिच्यापर्यंत पोचवा.