हे आकाश कुठलं?

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये राजमाचीला गेलो होतो. श्रीवर्धनच्या माथ्यावरून समोरच्या मनरंजनचा फोटो काढला. हिरवागार डोंगर, ओला कातळ आणि वर नुसतं पांढरं. चुना फासलेल्या भिंतीसारखं सपाट आकाश. घरी आल्यावर मोबाईलच्या ॲपमध्ये ते आकाश काढून टाकलं आणि त्या जागी तांबूस संध्याकाळ बसवली. दोन मिनिटांचं काम.

आमच्या कॅमेरा क्लबची महिन्यातून एकदा बैठक असते. प्रत्येकाने एक प्रिंट आणायची, बोर्डावर लावायची आणि बाकीचे काय म्हणतात ते ऐकायचं. माझ्या फोटोचं आधी बरंच कौतुक झालं. मग मागच्या रांगेतले एक काका उठले, चष्मा कपाळावर सरकवून प्रिंटजवळ आले.

"काय रे, हे आकाश कुठलं?"

"तिथलंच, काका."

"वर सूर्य मावळतोय आणि खाली एकाही झाडाला सावली नाही?"

"पावसाळी उजेड होता ना," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत, जागेवर जाऊन बसले. घरी जाताना मला फोटोपेक्षा त्या उत्तराची लाज वाटत होती.

पुढे जुन्या फोटोग्राफीबद्दल वाचायला लागलो, तेव्हा कळलं की आकाशाचं हे भांडण हौशी फोटोग्राफीइतकंच जुनं आहे.

लंडनमध्ये १८५३ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, मुंबईत निघाली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतरच्या, १८५६च्या. मुंबईच्या सोसायटीत गोरे अधिकारी आणि व्यापारी होते, तसे भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही होते. दोघेही डॉक्टर. सोसायटी स्वतःचं नियतकालिक काढायची. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 'इंडियन ॲमेचर्स फोटोग्राफिक अल्बम' ही मालिका काढली. दर महिन्याला एक अंक, त्यात खऱ्याखुऱ्या प्रिंट चिकटवलेल्या. 'हौशी' हा शब्द त्यांनी थेट नावातच घेतला होता.

या हौशी मंडळींना छळणारी एक अडचण होती. तेव्हाच्या निगेटिव्हला सगळे रंग सारखे दिसत नसत. चांदीच्या क्षारांवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम झटकन व्हायचा, हिरव्याचा फार सावकाश आणि लाल तर जवळजवळ दिसायचाच नाही. झाडंझुडपं नीट यावीत म्हणून कॅमेरा पुरेसा वेळ उघडा ठेवला, की तेवढ्यात निळं आकाश निगेटिव्हवर जळून काळंठिक्कर व्हायचं. प्रिंट काढली की तेच आकाश कोरं पांढरं. समोर कितीही सुंदर ढग असले तरी कागदावर काही नाही. त्या काळातल्या अनेक निसर्गचित्रांत आकाश इतकं रिकामं दिसतं त्याचं कारण हे.

मग युक्त्या निघाल्या. पहिली युक्ती ब्रशची. मद्रास पायदळातला लिनियस ट्राइप नावाचा अधिकारी हौस म्हणून फोटो काढायचा. १८५४च्या डिसेंबरात त्याने हळेबीड आणि बेलूरची मंदिरं टिपली. त्यातले ६८ फोटो त्याने १८५५च्या मद्रास प्रदर्शनात मांडले आणि परीक्षकांनी त्याला पहिल्या दर्जाचं पदक दिलं. त्याच वर्षी सरकारने त्याला ब्रह्मदेशाला जाणाऱ्या शिष्टमंडळाबरोबर पाठवलं. तिथल्या फोटोंत अमरापुरा आणि पगानच्या देवळांवर सुंदर ढग तरंगताना दिसतात. ते ढग ट्राइपने कागदी निगेटिव्हवर हाताने रंगवलेले आहेत. निगेटिव्हवर गडद रंग लावला, की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळ होते.

दुसरी युक्ती दोन निगेटिव्हची. फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. पाण्यासाठी एक निगेटिव्ह, आकाशासाठी दुसरी, आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडून एकच प्रिंट. १८५७चं त्याचं 'द ग्रेट वेव्ह' असंच तयार झालं. लोक थक्क झाले. पण ढगांची एकच निगेटिव्ह त्याने एकाहून जास्त समुद्रांवर वापरली आहे. म्हणजे माझ्या ॲपमधली तयार आकाशं ही काही नवी गोष्ट नाही.

पुढे या जोडकामाचा उघड पुरस्कर्ता झाला हेन्री पीच रॉबिन्सन. १८६९च्या आपल्या पुस्तकात त्याने चित्रकलेचे नियम फोटोला लावले. चित्र चांगलं व्हायला हवं, ते किती तुकड्यांतून झालं हे गौण, असा त्याचा सूर. वीस वर्षांनी, १८८९ साली, पीटर हेन्री एमर्सनने 'नॅचरॅलिस्टिक फोटोग्राफी' लिहून त्याच्यावर तुटून हल्ला केला. एमर्सन शिकलेला डॉक्टर, पण पूर्व इंग्लंडच्या पाणथळ भागात नावा, बोरू आणि धुकं टिपत हिंडणारा. निसर्ग डोळ्याला दिसतो तसा यावा, हा त्याचा आग्रह. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी त्याने आपली भूमिका मागे घेतली आणि तेही पत्रक छापून जाहीर केलं.

हे सगळं वाचताना मला एका जुन्या अल्बमने जास्त विचारात पाडलं. लंडनच्या हौशी मंडळींच्या एका क्लबचे सभासद आपापल्या प्रिंट एकमेकांना द्यायचे. त्यातून त्यांचा १८५५चा अल्बम तयार झाला. त्यात ४४ फोटो, आणि फोटोबरोबर तो कोणत्या पद्धतीने काढला त्याची तांत्रिक माहिती छापलेली. आज फोनमधल्या फोटोवर 'डिटेल्स' दाबल्यावर जे दिसतं, तेच. अमेरिकेत १८६१ साली असाच एक क्लब सुरू झाला. दर दोन महिन्यांनी प्रत्येकाने बाकीच्या प्रत्येकाला निदान एक स्टिरिओ फोटो टपालाने पाठवायचा, असा नियम. बाहेर यादवी युद्ध पेटलेलं, आणि ही माणसं एकमेकांना झरे आणि झाडं पाठवत होती, पत्रांतून रसायनांची चर्चा करत होती.

आधी मला वाटायचं, आकाश बदलणं हीच चूक. आता तसं वाटत नाही. ट्राइपने ढग रंगवले, ल ग्रेने जोडले. माझा फोन तर मला न विचारताच पाच-सहा फोटो एकात मिसळतो, म्हणून हल्ली आकाश आणि डोंगर दोन्ही नीट येतात. पण त्या लंडनच्या अल्बममधली माणसं आपण काय केलं ते शेजारी लिहीत होती. फोटो दाखवायचा तो दुसऱ्याने नीट बघावा म्हणून, आणि कसा केला ते ठाऊक असल्याशिवाय त्याला नीट बघता येत नाही. काकांनी मला तेवढंच विचारलं होतं, आणि मी ते उत्तर चोरलं होतं.

पुढच्या बैठकीला मी दोन प्रिंट नेल्या. एक तांबूस आकाशाची, एक पांढऱ्या आकाशाची. खाली पेन्सिलीने लिहिलं, 'वरचं आकाश ॲपमधलं, खालचं राजमाचीचं.' काका परत चष्मा कपाळावर सरकवून जवळ आले. पांढऱ्या प्रिंटसमोर बराच वेळ उभे राहिले.

"एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचंस," ते म्हणाले. "ढग होते रे इथे. तू जाळलेस."