कानशीच्या परीक्षेची कुळकथा

जुन्या बाजारातून आणलेला मोटारीच्या कमानीचा पाटा किंवा भंगारात निघालेले करवतीचे पाते चाकूसाठी घडवावयास घेण्यापूर्वी ते पोलाद पाणी धरील की नाही याची खातरजमा करण्याची जी रीत कारागिरांत रूढ आहे, ती दिसावयास अगदी साधी आहे: एक लहानसा तुकडा लोहचुंबक त्याला चिकटेनासे होईपर्यंत, किंबहुना त्याहून किंचित अधिक, तापवावा, तत्काळ तेलात वा पाण्यात बुडवावा आणि मग त्यावर कानस चालवून पाहावी. कानस नुसती घसरली तर पोलाद कठीण झाले. तिने धातू खाल्ला तर नाही. शेवटी तो तुकडा मोडून भंगाच्या जागी कण बारीक आहेत की भरड, हेही न्याहाळावे.

या रीतीचे अवयव मात्र एका घराण्यातले नव्हेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत केळीचा क्षार ताकात मिसळून, तो मुरवून, त्यात पाजलेल्या शस्त्राची थोरवी सांगितली आहे ती अशी की, ते दगडावर मोडत नाही आणि इतर लोहांवर बोथट होत नाही. त्या ताकावर माझा फारसा भरवसा नाही. परंतु पोलादाचा निवाडा दुसऱ्या कठीण पदार्थाशी त्याची गाठ घालूनच करावयाचा, हे तत्त्व येथे निःसंदिग्ध आहे, आणि कानस ही त्याच तत्त्वाची वारसदार होय. चुंबकाची साक्ष पुढे इंग्लंडातून आली: तापून लाल झालेले लोखंड चुंबकास जुमानत नाही हे विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये नमूद केले. भंगातील कणांवरून पोलादाची प्रत ठरविण्याची शिस्त १७२२ च्या ग्रंथात फ्रान्सच्या रेओम्यूरने घालून दिली.

अनोळखी पोलादाच्या परीक्षेचा सर्वांत मनोरंजक दाखला मात्र मुंबईशी निगडित आहे. येथील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झ नावाच्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे रवाना केले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध सादर केला. त्याच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईत तयार होते असे ठोकून दिले आहे, जरी त्याच्या मुशी खऱ्या दख्खनच्या अंतर्भागात व दक्षिणेत पेटत होत्या. अंगभूत द्रव्यांचे विश्लेषण अपुरे, बनविणारा कोण याचा पत्ता नाही. तेव्हा अध्यक्षांच्या इच्छेवरून स्टोडार्ट नामक कारागिराने त्याचा कलमतराश चाकू घडवून, त्यास पाणी देऊन, धार उत्तम पोलादाच्या तोडीची येते असा निर्वाळा दिला. पोलादात कर्ब असतो हे बर्गमनने १७८१ मध्ये दाखविले होते खरे, पण व्यवहारात अखेरचा शब्द अजून धारेचाच होता.

आज कारण ठाऊक आहे. सुमारे अर्धा टक्का वा अधिक कर्ब असलेले पोलाद त्वरित थंड झाल्यास धारेपुरते कठीण होते. सळईचे मऊ पोलाद कितीही बुडविले तरी होत नाही. तथापि कानशीचा कौल सर्वत्र ग्राह्य धरता येत नाही. वरवरचे कवचच कठीण केलेली स्वस्त कानस पृष्ठावर परीक्षा उत्तीर्ण होते आणि मोडल्यावरच आतले मऊपण उघड करते. रॉबर्ट मशेटने १८६८ मध्ये काढलेले टंगस्टनयुक्त पोलाद हवेतच कठीण होते, म्हणून त्यास सावकाश निववून मऊ करू पाहणारा फसतो. आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर व व्हाइट यांच्या ज्या पोलादाने जगाला चकित केले, त्याच्या जातीचा ड्रिल लोहाराच्या साध्या भट्टीत लाल करून बुडविला तर त्याचे पूर्वीचे काठिण्य परत येत नाही, कारण त्याला सुमारे १२०० अंश सेल्सिअसची आंच लागते.