करसवलतींच्या मुदतवाढीचा अमेरिकी वाद

अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कारकिर्दीत २००१ आणि २००३ मध्ये अमेरिकेत प्राप्तिकरात मोठी कपात करण्यात आली. कमाल दर ३९.६ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला. प्रत्येक मुलामागे मिळणारी करसवलत ५०० डॉलरवरून १००० डॉलर झाली. सिनेटमध्ये साध्या बहुमताने मंजुरी मिळविण्यासाठी वापरलेल्या विशेष प्रक्रियेच्या नियमांमुळे या सवलतींना २०१० अखेरची मुदत घालावी लागली.

मुदत संपत आली तेव्हा अध्यक्ष बराक ओबामा यांनी वार्षिक अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या जोडप्यांपुरतीच मुदतवाढ सुचविली. यात छोटे व्यावसायिक भरडले जातील, असा रिपब्लिकनांचा आक्षेप होता. कारण असे बहुतेक व्यवसाय कंपनीकर भरत नाहीत, त्यांच्या नफ्यावर मालकाच्या व्यक्तिगत प्राप्तिकरातच आकारणी होते. संसदेच्या करविषयक संयुक्त समितीच्या २०१० मधील अंदाजाने दोन्ही बाजूंच्या हाती मुद्दा दिला. व्यावसायिक उत्पन्न असलेल्या करदात्यांपैकी जेमतेम ३ टक्के वाढीव दराच्या कक्षेत येत होते. मात्र अशा एकूण उत्पन्नापैकी सुमारे निम्मे त्यांचेच होते. हे सारे उत्पन्न छोट्या व्यवसायांचेच असते असे नाही, हेही समितीने नमूद केले.

डिसेंबर २०१० मध्ये सर्वांनाच दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. जानेवारी २०१३ मध्ये साडेचार लाख डॉलरपर्यंतच्या जोडप्यांसाठी सवलती कायम झाल्या; त्यावरील उत्पन्नाला पुन्हा ३९.६ टक्के दर लागू झाला. २०१७ च्या करकपातीतील व्यक्तिगत सवलतींनाही २०२५ अखेरची मुदत होती. जुलै २०२५ मधील कायद्याने त्यांपैकी बहुतेक कायमस्वरूपी केल्या.