बारा लाख कोळी आणि एक केप

पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला गेलात की कधी ना कधी हे होतंच. पायवाटेवर चालता चालता तोंडाला जाळं चिकटतं. तेही साधंसुधं नाही, चांगलं चिवट. नीट बघितलं तर मधोमध तळहाताएवढी कोळ्याची मादी बसलेली असते आणि उन्हात धागे सोनेरी चमकतात. ही 'जायंट वुड स्पायडर'. आज गोष्ट आहे तिच्या मादागास्करमधल्या चुलत बहिणीची.

2012 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक केप मांडली होती. केप म्हणजे खांद्यांवरून खाली सोडायचं, बिनबाह्यांचं वस्त्र. रंग झळझळीत सोनेरी, आणि त्यावर फुलांचं आणि कोळ्यांचं भरतकाम. गंमत म्हणजे रंगाचा एक थेंबही वापरलेला नव्हता. कोळ्याचा धागाच मुळात त्या रंगाचा! एका केपसाठी लागले बारा लाखांहून जास्त कोळी.

ही कल्पना मात्र जुनी आहे. 1709 च्या सुमारास फ्रान्समध्ये बों नावाच्या गृहस्थाने कोळ्यांच्या अंड्यांवरचे कोष उकळून, पिंजून त्यांच्या सुताचे मोजे आणि हातमोजे बनवले. सगळे थक्क! यातून धंदा उभा राहील का, हे तपासायचं काम रेओम्यूर या शास्त्रज्ञाकडे आलं. तापमानाच्या मोजपट्टीमुळे ओळखला जातो, तोच हा. त्याचं उत्तर सरळ होतं: नाही. रेशमाचे किडे एका टोपलीत गुण्यागोविंदाने तुतीची पानं खातात, कोळी मात्र एकत्र ठेवले की एकमेकांनाच खातात.

तरी हाव सुटली नाही. 1896 मध्ये मादागास्कर फ्रान्सची वसाहत झाली. तिथे कांबुए नावाचे एक मिशनरी आधीपासूनच सोनेरी कोळ्यांवर प्रयोग करत होते. मग नोगे यांनी हाताने फिरवायचं एक यंत्र बनवलं. त्यात एका वेळी 24 कोळी हलकेच अडकवायचे आणि प्रत्येकाच्या पोटाकडून धागा ओढून घ्यायचा. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात या रेशमाचे पलंगाचे पडदे झळकले. पण कारखाना काही उभा राहिला नाही.

पुढे शंभरेक वर्षांनी मादागास्करमध्ये राहणारे कापडतज्ज्ञ सायमन पियर्स आणि त्यांचे भागीदार निकोलस गॉडली यांनी तेच यंत्र पुन्हा बनवून घेतलं. माणसं रोज लांब काठ्या घेऊन निघायची आणि टेलिफोनच्या खांबांवरून कोळी गोळा करून आणायची. काम पावसाळ्यातच, कारण कोळी तेव्हाच भरपूर सापडतात. 24 कोळ्यांचे धागे मिळून एक सूत. अशी चार सुतं एकत्र पिळली की 96 पदरांचा एक धागा. धागा काढून झाला की कोळी परत सोडून द्यायचे. इकडे आपल्या पैठणीच्या रेशमासाठी कोष उकळतात, आत किडा असतानाच. फरक लक्षात घ्या.

आधी हातमागावर एक कापड विणलं. त्यावरची नक्षी मादागास्करच्या पारंपरिक 'लांबा' वस्त्राची. ते 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मांडलं गेलं. त्यानंतर आली केप.

आता मुद्द्याचं बोलूया. 'एकमेव नग' म्हटलं की आपल्याला वाटतं, कलाकाराने मुद्दाम एकच बनवला असेल. इथे तसं नाही. तीनशे वर्षं माणूस या धाग्याचा माल करायला बघत होता आणि कोळी काही ऐकेना. तो कळपात राहत नाही, गोठ्यात बांधून घेत नाही. त्याला एकेक करून शोधावं लागतं, सांभाळावं लागतं. म्हणून हे वस्त्र एकमेव.

आणि हो, बातम्यांच्या मथळ्यांत दोनच नावं आली. खांबाखांबावर कोळी शोधणारे, दिवसभर धागा ओढणारे, विणणारे, टाके घालणारे हात कितीतरी होते. केपचा फोटो बघाल तेव्हा त्यांचीही आठवण ठेवा.

पुढच्या ट्रेकला जाळं दिसलं तर काठीने तोडू नका. वाकून खालून जा. भेटू पुढच्या भागात!