तोल सांभाळणारा कान

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही शाळेच्या पटांगणावर मधल्या सुट्टीत मुली फुगडी खेळताना दिसतात. फुगडी सुटते, पाय थांबतात. पण झाडे आणि शाळेची इमारत मात्र काही क्षण गरगरतच राहते. असे का होते? ‘डोके फिरले’ म्हणून आपण मोकळे होतो. एके काळी वैद्यकशास्त्राचेही उत्तर साधारण हेच होते.

कानाच्या आतल्या हाडात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, हे शरीररचनेच्या अभ्यासकांना पूर्वीपासून माहीत होते. पण कान ऐकण्यासाठीच असतो, ही समजूत पक्की होती. त्यामुळे आवाजाची दिशा कळण्यासाठी त्या असाव्यात असे मानले जाई. १८२०च्या दशकात फ्रेंच संशोधक फ्लूरांस याने कबुतरांच्या या नलिका कापून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत राहिले, पण त्यांचा तोल गेला. विशेष म्हणजे जी नलिका कापावी, तिच्याच पातळीत डोके हलू लागे.

माणसाला मात्र या शोधाचा लगेच उपयोग झाला नाही. एकाएकी भोवळ येऊन पडणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत रक्त साचले, असे निदान होई आणि त्याचे रक्त काढले जाई. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रॉस्पर मेनिएर या डॉक्टरांनी अशा अनेक रुग्णांकडे नीट लक्ष दिले. भोवळीबरोबर त्यांच्या कानात आवाज येत, ऐकूही कमी येई. मग दोष मेंदूत कशाला शोधायचा? १८६१ साली त्यांनी हा दोष अंतर्कर्णात असल्याचे मांडले. फारसे कोणी ऐकून घेतले नाही आणि पुढच्याच वर्षी ते वारले. आज तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

नलिकांचे काम कसे चालते, हे १८७३ ते १८७५ या काळात तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले: माख हे भौतिकशास्त्रज्ञ, ब्रॉयर हे डॉक्टर आणि क्रम ब्राउन हे रसायनशास्त्रज्ञ. नलिकांत द्रव असतो. डोके वळले की तो मागे रेंगाळतो, त्यामुळे संवेदक पेशींचे केस वाकतात आणि मेंदूला वळण्याची खबर मिळते. फुगडी चालू राहिली की द्रवही डोक्याबरोबर फिरू लागतो. आपण थांबतो, तो थांबत नाही. केस उलट बाजूला वाकतात. मेंदू फसतो, डोळे आपोआप हलू लागतात आणि जग फिरते!

कान आणि डोळे यांचे हे नाते व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी यांनी निदानासाठी वापरले. कान धुताना पाणी थंड असले तर रुग्णाचे डोळे एका दिशेने झटके देत, गरम असले तर विरुद्ध दिशेने. यातून अंतर्कर्णाची चाचणी तयार झाली. त्यासाठी १९१४चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा बाराणी रशियात युद्धकैदी होते. १९१६ साली त्यांची सुटका झाली.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. हा अंक समोर स्थिर धरा आणि डोके डावीउजवीकडे हलवत वाचा. अक्षरे वाचता येतात. आता डोके स्थिर ठेवून अंक तितक्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतात. पहिल्या वेळी कानाने डोळ्यांना आधीच खबर दिलेली असते.

ही खबर कायमची बंद झाली तर? १९४४ साली जाहीर झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले, पण काहींच्या अंतर्कर्णातील पेशी कायमच्या नष्ट केल्या. असे रुग्ण दिवसा डोळ्यांच्या आधाराने चालत. अंधारात मात्र झोकांड्या खात. त्यांना पाहणाऱ्याने दारूचा संशय घेतला, तर तो दुहेरी अन्याय होई.

उरलेल्या आधारांवर काम भागवायला मेंदू सरावाने बऱ्याच अंशी शिकतो. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी त्यासाठी डोके व डोळे हलवण्याचे व्यायाम ठरवून दिले. सरावाची ही ताकद आपल्या मल्लखांबपटूंना जुनीच ओळखीची. यवतमाळशेजारच्या अमरावतीत १९१४ सालीच, म्हणजे बाराणींच्या नोबेलच्या वर्षी, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले.

तेव्हा वर्गातला एखादा मुलगा किंवा घरातली आजी ‘सगळे फिरते आहे’ म्हणाली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. कानात आवाज येतो का, ऐकू कमी येते का, हे विचारा आणि डॉक्टरांकडे न्या. मेनिएर यांनीही सुरुवात रुग्णाचे नीट ऐकून घेण्यापासूनच केली होती.