खडू, सफेदा आणि जुने लाकूड

खडू म्हटला म्हणजे डोळ्यांपुढे शाळेचा काळा फळा उभा राहतो. परंतु फळ्यावर अक्षर उमटविणे हे खडूचे फार अलीकडचे काम होय. त्याच्या कितीतरी आधीपासून तो सुताराच्या आणि रंगाऱ्याच्या चाकरीत होता. शिवाय आपल्या शाळांतून वापरली जाणारी कांडी बहुधा खऱ्या खडूची नसतेच. ती जिप्सम भाजून केलेल्या पुडीची असते. खरा खडू म्हणजे खाणीतून निघणारा मऊ, पांढरा दगड. जुन्या टेबलाला, कपाटाला किंवा खुर्चीला खडूचा पांढरा रंग देऊन तिला नवे रूप देण्याची जी हौस पाश्चात्त्य देशांतून निघून आपल्याकडील मोठ्या शहरांपर्यंत येऊन पोचली आहे, ती वरवर पाहता नव्या काळातील एक लहर वाटते. तिचा मागोवा घेऊ लागले म्हणजे मात्र काही हजार वर्षांची वाट समोर उलगडते. त्या वाटेवर राजवाडे आहेत, तशाच रोगाने लुळे पडलेल्या कारागिरांच्या वसाहतीही आहेत.

प्रथम या दगडाचे कुळ पाहू. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोव्हर येथे जे पांढरेशुभ्र कडे उभे आहेत, ते खडूचे. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा समुद्रातील सूक्ष्म जीवांची कवचे तळाशी साठत गेली आणि त्यांचा हा खडक बनला. भूगर्भशास्त्रात या कालखंडाचे नावच खडूच्या लॅटिन नावावरून ‘क्रेटेशस’ असे पडले आहे. सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी तो सुरू झाला आणि सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी संपला. हा कालखंड संपत असतानाच इकडे दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. युरोपच्या वाट्याला पांढरा खडू आला आणि आपल्या वाट्याला काळा कातळ! म्हणूनच कोकण-गोव्यात घराच्या भिंती उजळण्यासाठी माणसाला समुद्राकाठचे शिंपले भाजून त्यांचा चुना करावा लागला.

लाकडाला पांढरा लेप देण्याची कला प्राचीन इजिप्तमध्ये चांगलीच रुळलेली होती. 1922 साली हॉवर्ड कार्टर याला तुतनखामेन या राजाचे थडगे सापडले. त्यातील सुवर्णमंडित वस्तूंची कीर्ती जगभर झाली. परंतु त्याच थडग्यात पांढरा रंग दिलेली साधी लाकडी आसनेही होती. तेहेतीसशे वर्षांपूर्वीची ही आसने. इजिप्तमध्ये चांगले लाकूड दुर्मिळ होते. जे मिळे ते गाठाळ आणि लहान तुकड्यांचे. त्याचे सांधे व खड्डे झाकून वर गुळगुळीत पृष्ठभाग तयार करावयाचा, तर सरसात कालवलेल्या पांढऱ्या पुडीसारखा दुसरा सोपा उपाय नव्हता.

हीच रीत पुढे युरोपातील चित्रकारांच्या आणि मूर्तिकारांच्या हाती आली. इटलीत या लेपाला ‘जेस्सो’ म्हणत. तेथे तो जिप्समचा करीत. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस खडू मुबलक असल्याने तिकडे खडूचा. 1400 सालाच्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने कारागिरांसाठी जो ग्रंथ लिहिला, त्यात याची कृती बारकाईने दिली आहे. भाजलेले जिप्सम महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळावयाचे, म्हणजे त्याचा घट्ट बसण्याचा गुण मरून ते लोण्यासारखे मऊ होते. मग ते सरसात मिसळून त्याचे निदान आठ हात द्यावयाचे. एवढे झाल्यावरच रंगाला आणि सोन्याच्या वर्खाला ती फळी पात्र होई. गोव्यातील जुन्या चर्चांमधून लाकडात कोरलेल्या संतांच्या ज्या रंगीत मूर्ती दिसतात, त्यांच्या रंगाखालीही असाच पांढरा लेप असतो. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कलासंग्रहालयात अशा मूर्ती जवळून पाहता येतात. एखाद्या मूर्तीचा रंग जेथे उडाला असेल तेथे आतील पांढरा थर डोकावतो आणि पाहणाऱ्याला कारागिराची पायरी न् पायरी समजते. आपल्याकडे ओरिसातील पटचित्रांच्या कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावतात, तीही याच विद्येची बहीण.

येथे एक शंका येईल. खडू इतका पांढरा आणि इतका स्वस्त असताना रंगाऱ्यांनी निव्वळ त्याच्यावरच का भागविले नाही? याचे उत्तर प्रकाशाच्या वागण्यात आहे. चुन्याचा ओला हात भिंतीवर फिका दिसतो आणि वाळला की पांढरा होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. कणांच्या मधल्या जागेत पाणी असते तोवर प्रकाश सरळ आत शिरतो. पाणी उडून तेथे हवा आली म्हणजे तो कणाकणावर विखुरतो आणि पांढरेपणा दिसू लागतो. खडूचेही तसेच. सरसाच्या पाण्यात कालवलेला खडू वाळल्यावर शुभ्र होतो. पण जवसाच्या तेलात कालवला तर तेल कधीच उडून जात नाही, कणांमधील जागा भरलेलीच राहते आणि खडू मळकट, जवळजवळ पारदर्शक दिसतो. तेलात मळलेला खडू म्हणजे सुतार खिडकीच्या काचेला लावतो ती लांबी. ती भेगा बुजविते. परंतु रंग म्हणून तिचा उपयोग नाही. आणि सरसातला खडू ओल्या फडक्यानेही पुसला जातो. पाण्याला टिकेल असा पांढरा रंग हवा, तर तेलात राहूनही पांढरा दिसणारा पदार्थ शोधणे भाग होते.

तो पदार्थ म्हणजे सफेदा, अर्थात शिशाचा पांढरा क्षार. व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने त्याची कृती नोंदविली आहे. भांड्यात व्हिनेगार ओतावयाचे, वर काटक्या पसरून त्यांवर शिशाचे तुकडे ठेवावयाचे आणि तोंड बंद करावयाचे. काही काळाने शिशावर पांढरा क्षार चढलेला सापडतो. पुढे हॉलंडमध्ये अशी भांडी शेणखताच्या ढिगात पुरून हा उद्योग मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. तेलातील सफेदा दाट, टिकाऊ आणि तलम. युरोपातील पांढऱ्या रंगाच्या सामानाचे पुढील वैभव त्याच्याच जोरावर उभे राहिले.

त्या वैभवाचा सर्वांत रम्य अध्याय स्वीडनमध्ये लिहिला गेला. 1771 साली राजपुत्र गुस्ताव्ह पॅरिसमध्ये असतानाच त्याला पित्याच्या निधनाची वार्ता कळली आणि तो राजा म्हणून स्वदेशी परतला. फ्रान्समधील नव्या, सरळ रेषांच्या आणि प्राचीन रोमी वळणाच्या सामानाची गोडी तो बरोबर घेऊन आला. 1792 साली मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात झालेल्या गोळीबारात तो जखमी झाला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. परंतु त्याच्या नावाची ‘गुस्ताव्हियन’ शैली मागे राहिली. स्वीडनमध्ये मुबलक लाकूड पाइन आणि बर्च यांचे. ते दिसावयास साधे. म्हणून त्यावर पांढरा, मोतिया किंवा फिकट राखी रंग देत. उत्तरेकडील हिवाळ्यात दिवस इवलासा. मेणबत्तीचा प्रकाशही जपून वापरावयाचा. अशा घरात फिकट रंगाच्या खुर्च्या आणि भिंती तो थोडासा उजेड परावर्तित करून खोली उजळ ठेवीत. म्हणजे तेथील पांढऱ्या रंगामागे केवळ नटवेपणा नव्हता. साध्या लाकडाची लाज आणि अंधारी ऋतूची गरज अशी दोन्ही कारणे होती.

या शुभ्रतेची दुसरी बाजू मात्र काळी होती. सफेदा तयार करणारे मजूर आणि तो घोटून लावणारे रंगारी यांच्या शरीरात शिसे भिनत असे. पोटात असह्य कळा येत, मनगटे लुळी पडत, पुढे मेंदूही बिघडे. पॅरिसमधील एडमे-झां लक्लेर या रंगकामाच्या ठेकेदाराला ही स्थिती पाहवेना. 1801 साली जन्मलेला हा गृहस्थ जोडे शिवणाऱ्या गरीब कारागिराचा मुलगा. हातात कुंचला घेऊनच तो वर चढला होता. 1842 साली आपल्या धंद्याचा नफा कामगारांत वाटण्याची प्रथा त्याने सुरू केली, म्हणून अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून त्याचे नाव आढळते. परंतु शिशाऐवजी जस्ताचा सफेदा वापरात आणण्यासाठी त्याने केलेला खटाटोप तितकाच मोलाचा आहे. जस्ताचा सफेदा शिशाइतका दाट झाकत नसे. तरीही कामगाराचे मनगट शाबूत राहणे अधिक महत्त्वाचे, असा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब राज्यकर्त्यांच्या गळी उतरण्यास फार वेळ लागला. फ्रान्सने इमारतींच्या रंगकामात शिशाच्या सफेद्याला बंदी करणारा कायदा 1909 साली केला. 1921 साली जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरांच्या आतील रंगकामात त्याचा वापर रोखणारा करार संमत केला. त्यातही काही सवलती राहिल्याच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिका येथे टायटॅनियमचा सफेदा तयार होऊ लागला. तो शिशापेक्षाही दाट आणि निर्विष. एवढा चांगला पर्याय हाती असूनही अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती 1978 साली. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम 2016 साली झाला आणि तो 2017 च्या नोव्हेंबरपासून अंमलात आला.

या तारखा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. घरातील जुन्या पाळण्यावर किंवा कपाटावर यापूर्वीचा रंग असेल, तर त्यात शिसे असण्याचा संभव असतो. असा रंग कोरड्या काचकागदाने घासला किंवा आगीच्या झोताने जाळला तर विषारी धूळ वा वाफ घरभर पसरते, आणि तिचा सर्वांत मोठा घाव रांगणाऱ्या मुलावर पडतो. रंग घट्ट बसलेला असेल तर त्याला न छेडता वरून नवा हात देणे, आणि काढावयाचाच झाला तर ओला करून, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून, मुलांना दूर ठेवून काढणे, हेच शहाणपणाचे. मुलांच्या वापराची वस्तू असेल तर रंगाची आधी तपासणी करून घेणे उत्तम.

आता आजच्या खडूरंगाकडे येऊ. 1990 साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅनी स्लोन या चित्रकर्तीने जुन्या सामानाला लावण्यासाठी ‘चॉक पेंट’ या नावाचा रंग बाजारात आणला. त्यानंतर त्या जातीचे अनेक रंग निघाले. या जातीच्या रंगांत खनिजाची बारीक पूड पुष्कळ आणि तिला बांधून ठेवणारे द्रव्य त्या मानाने कमी असते. त्यामुळे चकाकी येत नाही, जुन्या पृष्ठभागावर रंग सहज धरतो आणि फारसे घासावे लागत नाही. परंतु त्याच गुणामुळे तो सच्छिद्र राहतो व डाग शोषतो. म्हणून वरून मेण चोळावे लागते. सरसातल्या खडूची जुनी अडचण अशी नव्या वेषात पुन्हा भेटते. ओक किंवा महोगनीसारख्या लाकडातील तुरट द्रव्य पाण्याने सुटून पांढऱ्या रंगावर पिवळे-तपकिरी डाग उमटतात, ही दुसरी अडचण. तिच्यावरचा उपाय भारतातील पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरील किड्यांनी दिला आहे. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचा एक हात आधी दिला म्हणजे डाग वर येत नाहीत.

मात्र साधन सोपे झाले म्हणजे विवेक अधिक लागतो. 1960 नंतरच्या दोन दशकांत इंग्लंडात उलट लाट आली होती. पाइनचे जुने रंगीत सामान कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून त्याचा रंग उतरविण्याची फॅशन पडली. जे लाकूड मुळात रंगासाठीच घडविले होते, ते उघडे पडले; जुन्या रंगाऱ्यांची नक्षी सोड्यात विरघळून गेली आणि सांध्यांतील सरसही सैल झाला. आज त्याच्या उलट, जे शिसवी व सागवानी लाकूड आपले रेघारेघांचे सौंदर्य दाखविण्यासाठी घडविले गेले, त्यावर पांढरा रंग फासला जात आहे. चूक दोन्हीकडे एकच. वस्तू घडविणाऱ्याचा हेतू काय होता, हे कोणी विचारलेच नाही.

गोव्यातील जुन्या घरांतून वेताने विणलेल्या सागवानी खुर्च्या, इंदूर-बडोद्याच्या वाड्यांतून शिसवी पलंग आणि मेजे अजून आढळतात. त्यांचा रंग काळाने आणि हातांच्या स्पर्शाने चढलेला असतो. तो एकदा झाकला गेला की सच्छिद्र लाकडात शिरलेला पांढरा कण पुन्हा पुरता निघत नाही. उलट स्वस्त लाकडाचे, डागळलेले, अनेकदा रंगविलेले कपाट असेल, तर खडूचा पांढरा हात त्याला आणखी वीस वर्षांचे आयुष्य देईल आणि एक झाडही वाचवील. म्हणून डबा उघडण्यापूर्वी खण बाहेर काढून त्याचा तळ पाहावा, मागची फळी पाहावी, एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यात रंगाखाली काय आहे ते पाहावे. पाइनसारखे साधे लाकूड असेल तर खुशाल रंगवावे. आत शिसव निघाला, तर डब्याचे झाकण पुन्हा लावून मेणाची वाटी आणि मऊ फडके शोधावे.